पंडित अयोथीदास यांचा वारसा कोणी चालविला?

१४ ऑक्टोबर १९५६ ही तारीख आमच्या समाजातील शाळकरी पोरालाही तोंडपाठ आहे. त्या दिवशी नागपूरच्या भूमीवर बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लाखो अनुयायांसह बुद्ध धम्माचा स्वीकार केला. परंतु त्याच्या ५८ वर्षे आधी मद्रासच्या एका अस्पृश्य वैद्याने समुद्र ओलांडून सिलोन गाठले, तेथे पंचशील ग्रहण केले आणि परत येऊन आपल्या माणसांसाठी बौद्ध संघ उभा केला, ही गोष्ट आमच्यातल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? त्या वैद्याचे नाव पंडित अयोथीदास. तामिळनाडूत आज हे नाव आदराने घेतले जाते. महाराष्ट्रात मात्र ते एखाद्या व्याख्यानात ओझरते येते आणि विरून जाते.

आम्ही आज त्यांच्याविषयी लिहीत आहोत ते केवळ माहिती द्यावी म्हणून नाही. एखाद्या माणसाचे काम त्याच्या मागे टिकते कसे आणि टिकत नाही तेव्हा नेमके काय तुटलेले असते, हे समजून घ्यायचे असेल तर अयोथीदासांचे चरित्र आमच्या चळवळीने बारकाईने वाचले पाहिजे. त्यात अभिमान वाटावा असे पुष्कळ आहे आणि झोप उडावी असेही थोडे आहे.

गुरूचे नाव लावणारा शिष्य

२० मे १८४५ रोजी मद्रास प्रांतात एका परैयर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरच्यांनी नाव ठेवले काथवरायन. हे तमिळ मुलखातील एका लोकदैवताचे नाव. त्यांचे आजोबा कंदप्पन एका इंग्रज अधिकाऱ्याकडे बटलर म्हणून नोकरीला होते. अस्पृश्य म्हणून गावाबाहेर ठेवलेल्या या घरात ताडपत्रांवरील जुने तमिळ ग्रंथ जपून ठेवलेले होते. तिरुक्कुरळ या तमिळ भाषेच्या मुकुटमण्याची हस्तलिखिते आपल्या आजोबांनीच एलिस या इंग्रज विद्वानाच्या हाती सोपविली, असे अयोथीदासांनी पुढे लिहून ठेवले. ज्यांना अडाणी म्हणून हिणवले जात होते, त्यांच्याच घरात ज्ञानाचा ठेवा होता, ही जाणीव या मुलाला पाळण्यातच मिळाली.

त्याला गुरू भेटले ते अयोथीदास कविराज नावाचे पंडित. त्यांच्याकडे काथवरायनने तमिळ व्याकरण, काव्य आणि सिद्ध वैद्यक यांचा अभ्यास केला. पुढे संस्कृत, पाली आणि इंग्रजी याही भाषा त्याने आत्मसात केल्या. गुरूंविषयी त्याची कृतज्ञता एवढी होती की त्याने स्वतःचे नाव बाजूला ठेवून गुरूंचे नाव धारण केले. काथवरायनचा अयोथीदास झाला तो असा. आमच्याकडे पुस्तकावर, इमारतीवर, कमानीवर आपले नाव कोरून घेण्यासाठी धडपडणाऱ्यांची वाण नाही. येथे एक माणूस आपले नाव पुसून शिकविणाऱ्याचे नाव आयुष्यभर वागवतो. बाबासाहेबांनीही आपल्या तीन गुरूंमध्ये बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले यांना स्थान दिले. परिवर्तनाच्या चळवळीत गुरू मानणे म्हणजे पायावर डोके ठेवणे नसते. त्याचे काम पुढे नेण्याची जबाबदारी अंगावर घेणे असते.

वैद्यकी हा त्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय. सिद्ध वैद्य म्हणून त्यांचा लौकिक होता. वैद्याच्या दारात सर्व थरांतले लोक येतात आणि आपले दुखणे मोकळेपणाने सांगतात. शरीराचे दुखणे ऐकता ऐकता समाजाचे दुखणेही या वैद्याच्या कानी पडत असणार.

निलगिरीच्या डोंगरात

त्यांच्या सार्वजनिक कामाची सुरुवात निलगिरीच्या डोंगराळ भागात झाली. १८७०च्या दशकात त्यांनी तेथील तोडा व इतर आदिवासींना आणि मळ्यांवर राबणाऱ्या अस्पृश्य मजुरांना संघटित करण्याचा प्रयत्न केला. तेव्हा ते अद्वैत मताकडे झुकलेले होते आणि त्यांनी अद्वैतानंद सभा स्थापन केली होती. पुढे रेव्हरंड जॉन रत्नम यांच्या सोबतीने १८८५ मध्ये 'द्राविड पांडियन' हे नियतकालिक सुरू झाले. अद्वैती विचाराचा माणूस एका ख्रिस्ती धर्मोपदेशकासोबत नियतकालिक काढतो आणि शेवटी बुद्धाकडे पोचतो. हा प्रवास धरसोडीचा वाटेल, पण तसा तो नाही. आमच्या माणसाला माणूस म्हणून उभे करील असा धर्म कोणता, या एकाच प्रश्नाचा तो शोध होता.

या शोधात त्यांना एक गोष्ट फार लवकर उमगली. इंग्रजांनी दर दहा वर्षांनी शिरगणती सुरू केली होती. सरकारी कागदावर आपली नोंद काय होते यावर आपले भवितव्य अवलंबून राहणार, हे त्यांनी ओळखले. १८८१ च्या जनगणनेच्या काळापासूनच त्यांनी आग्रह धरला की आमची नोंद जातिभेद न मानणारे द्रविड अशी करा. १८८६ मध्ये तर त्यांनी उघड जाहीर केले की अस्पृश्य हे हिंदू नाहीत. हे १८८६ साल आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. येवल्याची घोषणा त्यानंतर ४९ वर्षांनी झाली. इकडे महाराष्ट्रात गोपाळबाबा वलंगकर १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहून सनातन्यांना प्रश्न विचारीत होते. देशाच्या दोन टोकांना, दोन भाषांत, एकच आग पेटत होती.

१८९१ चे ठराव

१८९१ मध्ये त्यांनी द्राविड महाजन सभा स्थापन केली आणि १ डिसेंबर १८९१ रोजी ऊटी येथे तिची परिषद भरविली. या परिषदेत संमत झालेले ठराव सरकारला आणि काँग्रेसला पाठविण्यात आले. आम्ही वकिली करतो. त्यामुळे जुना ठराव हाती पडला की मागणी काय आहे आणि ती कोणाकडे केली आहे, याकडे आमची नजर आधी जाते. या ठरावांतल्या मागण्या पाहून आम्ही थक्क झालो.

जातीच्या नावाने हिणवून अपमान करणाऱ्यास फौजदारी शिक्षा व्हावी. आमच्या मुलांसाठी शाळा आणि शिष्यवृत्त्या असाव्यात. शिकलेल्यांना सरकारी नोकऱ्या मिळाव्यात. नगरपालिका आणि गावच्या मंडळांत आमचे प्रतिनिधी असावेत. सार्वजनिक विहिरी आणि तळी आम्हाला खुली असावीत. सरकारी कचेऱ्यांत आम्हाला आत येण्यास आणि बसण्यास मज्जाव नसावा. तुरुंगात अस्पृश्य कैद्यांच्याच माथी घाणीची कामे मारणारा नियम रद्द व्हावा.

आता या मागण्यांसमोर वर्षे मांडून पाहा. सार्वजनिक पाण्याचा हक्क बजावण्यासाठी महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला तो १९२७ मध्ये. अस्पृश्यता नष्ट करणारे संविधानाचे कलम १७ लागू झाले १९५० मध्ये. जातिवाचक अपमानाला कठोर शिक्षा देणारा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला १९८९ मध्ये. आणि तुरुंगातील जातीनिहाय कामवाटपाचे नियम सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले ते ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, एका पत्रकार भगिनीच्या याचिकेवर. ऊटीच्या परिषदेपासून १३३ वर्षांनी! संविधान लागू होऊन ७४ वर्षे झाल्यावरही स्वतंत्र भारतातील अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत ती घाण लिहिलेली होती. अयोथीदासांची दृष्टी किती लांबची होती आणि या देशाची व्यवस्था किती निबर आहे, या दोन्ही गोष्टी त्या एका तारखेत दिसतात.

देवळाचे दार आणि शाळेचे दार

पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, मद्रासला महाजन सभेची परिषद होती. मोठमोठे पुढारी, वकील, जमीनदार जमले होते. अयोथीदास तेथे निलगिरीचे प्रतिनिधी म्हणून गेले. विष्णू आणि शिव हे सर्वांचे देव असतील तर आम्हाला त्यांच्या मंदिरांत प्रवेश का नाही, असा साधा प्रश्न त्यांनी विचारला. सभेत गदारोळ झाला. तुमच्यासाठी तुमचे ग्रामदेव आहेत, या देवांशी तुमचा संबंध काय, अशा आशयाचे उत्तर एका शास्त्र्याने तोंडावर फेकले.

अयोथीदासांनी तेथल्या तेथे आपली मागणी बदलली. तुमचे देव तुम्हालाच लखलाभ असोत, आमच्या मुलांना चौथ्या इयत्तेपर्यंत मोफत शिक्षण द्या आणि गावोगावच्या पडीक जमिनी आम्हाला कसायला द्या, असे त्यांनी सभेला बजावले. या मागण्यांना सभेची संमती मिळाली. त्याच १८९२ मध्ये चेंगलपट्टूचे जिल्हाधिकारी ट्रेमेनहीर यांच्या अहवालानंतर मद्रास सरकारने अस्पृश्यांना जमिनी देण्याचे धोरण स्वीकारले. तामिळनाडूत त्या पंचमी जमिनी म्हणून ओळखल्या जातात आणि सवर्णांनी बळकावलेल्या त्या जमिनी परत मिळविण्याचा लढा तेथे अजूनही संपलेला नाही.

काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मध्ये सुरू झाला, पाच वर्षे चालला आणि त्यानंतर बाबासाहेबांनी देवळाकडे पाठ फिरवून धर्मांतराची घोषणा केली. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी पुढे भूमिहीनांसाठी जमिनीचा लढा उभारला. मंदिर, मग शाळा, जमीन आणि धम्म, हा क्रम दक्षिणेतही तसाच दिसतो. कारण दोन्हीकडे अनुभव एकच होता.

कोलंबोची दीक्षा

थिऑसॉफिकल सोसायटीचे कर्नल ऑल्कॉट त्या वेळी मद्रासजवळ अड्यारला होते. हा अमेरिकन माणूस सिलोनमधील बौद्ध पुनरुज्जीवनात अग्रेसर होता. अयोथीदासांच्या आणि इतर कार्यकर्त्यांच्या आग्रहामुळे ऑल्कॉट यांनी अस्पृश्य मुलांसाठी मोफत शाळा काढल्या. त्यातली पहिली १८९४ मध्ये सुरू झाली. पण अयोथीदासांना शाळेइतकीच आणखी एका गोष्टीची गरज वाटत होती. आमचे पूर्वज बौद्ध होते, ब्राह्मणी व्यवस्थेने त्यांना पराभूत करून अस्पृश्य ठरविले, तेव्हा आम्हाला आमच्या मूळ धर्मात परत जायचे आहे, असे त्यांनी ऑल्कॉट यांच्यापुढे मांडले.

१८९८ मध्ये अयोथीदास आणि पंचम शाळेचे मुख्याध्यापक पी. कृष्णस्वामी हे ऑल्कॉट यांच्यासोबत सिलोनला गेले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणाचे प्रमुख हिक्कडुवे सुमंगल महास्थविर यांच्याकडून त्यांनी पंचशील ग्रहण केले. त्या वेळी अयोथीदासांचे वय होते ५३. नातवंडे खेळविण्याच्या वयात या माणसाने नवे आयुष्य सुरू केले. परत येऊन मद्रासच्या रॉयपेट्टा भागात त्यांनी शाक्य बौद्ध संघाची स्थापना केली.

त्यांनी श्रद्धेला इतिहासाची जोड दिली, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. 'इंदिरर देश चरित्रम्' या ग्रंथात त्यांनी या देशाचा इतिहास बुद्धाच्या बाजूने लिहिला. बुद्धांच्या चरित्रावर आणि शिकवणुकीवर त्यांनी 'आदिवेदम्' लिहिला. तमिळ सणांचे, म्हणींचे, देवदेवतांचे मूळ बौद्ध अर्थ ते उलगडून दाखवीत. दिवाळी हा तिळाच्या तेलाच्या शोधाचा बौद्ध सण होता, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांची प्रत्येक व्युत्पत्ती आजचे इतिहासकार मान्य करतीलच असे नाही. परंतु अस्पृश्यतेचे मूळ बौद्धांच्या पराभवात शोधण्याचा त्यांचा मार्ग महत्त्वाचा होता. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'अनटचेबल्स' या ग्रंथात स्वतंत्रपणे, वेगळ्या पुराव्यांनी, अशाच दिशेचा सिद्धान्त मांडला. आम्ही जन्मजात हीन आहोत, हे मनात बिंबविलेले विष उतरवायचे असेल तर आधी आम्ही कोण होतो हे सांगावे लागते. अयोथीदास हे वैद्य होते. उतारा कोणता द्यायचा हे त्यांना कळत होते.

एक पैशाचे साप्ताहिक

१९ जून १९०७ रोजी त्यांनी 'ओरु पैसा तमिळन' हे साप्ताहिक सुरू केले. ओरु पैसा म्हणजे एक पैसा. किंमत मुद्दाम नावातच घातली, म्हणजे मजुरालाही वाटावे की हे आपल्या खिशातले पत्र आहे. वर्षभराने त्याचे नाव नुसते 'तमिळन' झाले. संपादक ६२ वर्षांचे होते. मृत्यूपर्यंत जवळजवळ सात वर्षे त्यांनी हे पत्र चालविले. त्यात धम्म होता, राजकारण होते, इतिहास होता, वैद्यक होते, वाचकांच्या शंका आणि त्यांना दिलेली उत्तरे होती. स्वदेशीचा गजर करणाऱ्या पुढाऱ्यांना ते विचारीत की ज्या स्वराज्यात विहिरीवर जाता येणार नाही ते स्वराज्य आमच्या काय कामाचे? १९११ ची जनगणना जवळ आली तेव्हा धर्म बौद्ध असा लिहा, अशी मोहीम त्यांनी याच पत्रातून चालविली.

'मूकनायक' १९२० चा. त्याच्या १३ वर्षे आधीचे हे पत्र. भांडवलदाराची जाहिरात नाही, सवर्ण वर्गणीदारांचा आधार नाही, अशा अवस्थेत आमच्या लोकांचे वर्तमानपत्र चालविणे म्हणजे काय असते, हे ही ओळ वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगण्याची गरज नाही. आजही आमची पत्रे वाचकांच्या जिवावरच तगून आहेत.

खाणीत उतरणारे उपासक

'तमिळन' जेथे जेथे गेला तेथे तेथे संघाच्या शाखा निघाल्या. बंगळूर, कोलारच्या सोन्याच्या खाणी, ब्रह्मदेशातले रंगून, दक्षिण आफ्रिकेतले नाताळ. नकाशावर या जागा दूर दूर आहेत, पण त्यांना जोडणारा धागा एकच होता. पोटासाठी गाव सोडून गेलेला अस्पृश्य तमिळ मजूर तेथे होता. गाव सुटल्याने गावकीचा फासही थोडा सैल झाला होता.

कोलारची शाखा यात सर्वांत खंबीर. जमिनीच्या पोटात खोल उतरून जिवावर उदार होऊन सोने काढणारे हे कामगार वर आल्यावर विहारात जमत. बुद्धवंदना होई, प्रवचन होई, पत्राचे सामुदायिक वाचन होई. नामकरण, लग्न, अंत्यविधी बौद्ध पद्धतीने होऊ लागले. भटजीवाचून लग्न लागते आणि भटजीवाचून माणूस मातीआड जातो, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की निम्मी गुलामी गळून पडते.

याच शाखांतून एम. मासिलामणी, जी. अप्पादुराई यांच्यासारखे लेखक आणि वक्ते तयार झाले. अयोथीदासांनी त्यांना लिहायला लावले, बोलायला लावले, आपल्या पत्रात जागा दिली. ५ मे १९१४ रोजी अयोथीदासांचे निधन झाले. पुढे काही काळाने पत्र बंद पडले. साधारणपणे येथेच गोष्ट संपायची. पण १९२०च्या दशकात अप्पादुराईंनी कोलारहून 'तमिळन' पुन्हा सुरू केला. तेथल्याच सिद्धार्थ पुस्तकशाळेने पंडितांचे लेखन पुस्तिकांच्या रूपाने छापले. संपादक गेला, पण वाचक संपादक झाला. आमच्या मते अयोथीदासांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे यश हे आहे आणि ते त्यांच्या मृत्यूनंतरचे आहे.

बाबासाहेबांपर्यंत आलेली वाट

मद्रासच्या या बौद्ध वर्तुळात प्रा. पी. लक्ष्मी नरसू होते. रसायनशास्त्राचे प्राध्यापक, कडवे बुद्धिवादी. त्यांचे आणि पंडितांचे प्रत्येक बाबतीत पटत असे असे नाही. पंडित परंपरेतून बुद्धाकडे येत, नरसू विज्ञानातून. तरीही दोघे एकाच चळवळीचे वाटेकरी होते. नरसूंचा 'द इसेन्स ऑफ बुद्धिझम' हा ग्रंथ १९०७ मध्ये, म्हणजे 'तमिळन'च्याच वर्षी प्रसिद्ध झाला. या ग्रंथाची तिसरी आवृत्ती १९४८ मध्ये निघाली तेव्हा तिला प्रस्तावना लिहिली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. मद्रासच्या त्या लहानशा वर्तुळात सुरू झालेला विचार असा हातोहात दीक्षाभूमीच्या उंबरठ्यापर्यंत आला.

दुसरा धागा रेट्टमलै श्रीनिवासन यांचा. ते नात्याने अयोथीदासांचे मेहुणे. त्यांनी १८९३ मध्ये 'परैयन' हे पत्र काढले. जातीचे नाव लपवू नका, ते ताठ मानेने घ्या, असे त्यांचे मत होते. अयोथीदासांना ते नावच नको होते. धर्मांतराच्या वाटेनेही श्रीनिवासन गेले नाहीत. पण गोलमेज परिषदेत बाबासाहेबांच्या शेजारी बसून अस्पृश्यांची कैफियत मांडणारे दुसरे प्रतिनिधी हेच रेट्टमलै श्रीनिवासन. एकाच घरात दोन मते नांदली आणि दोन्हींनी समाजाचे भलेच केले. मतभेद झाला की नवा गट काढणाऱ्या आमच्या पुढाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

उणीव आणि विस्मरण

बुद्धाच्या अनुयायांनी कोणाचीही चिकित्सा टाळू नये. परैयर हे मूळचे बौद्ध, म्हणून ते श्रेष्ठ होते, असे मांडताना अयोथीदासांनी इतर काही दलित जातींना आपल्यापासून वेगळे आणि खालचे लेखले, अशी टीका तामिळनाडूतील अभ्यासकांनी केली आहे. ही टीका निराधार नाही. जातीविरुद्ध लढणाऱ्या माणसाच्या लेखणीतही जातीची पायरी लपून बसू शकते. त्याचा परिणामही झाला. संघ मोठ्या प्रमाणात एकाच जातीच्या वस्त्यांपुरता राहिला. महाराष्ट्रात धम्माची चळवळ प्रामुख्याने एका जातीपुरती राहिली, हा आरोप आम्ही वर्षानुवर्षे ऐकतो. तो परतवून लावण्याऐवजी मातंग, चर्मकार, भटक्या-विमुक्त बांधवांच्या वस्तीत आमचे पाय किती वेळा लागले, याचा हिशेब आम्ही मांडला पाहिजे.

दुसरी गोष्ट विस्मरणाची. द्रविड राजकारणाचा झंझावात आला आणि ज्यांनी द्रविड हा शब्द राजकारणात आणला ते अयोथीदास मागे पडले. शाखा थकल्या. त्यांचे विखुरलेले लेखन ज्ञान अलॉयसियस या संशोधकाने संकलित केले आणि १९९९ मध्ये ते ग्रंथरूपाने आले, तेव्हा कोठे तामिळनाडूला त्यांची नव्याने ओळख झाली. त्यानंतर मानसन्मान आले. २००५ मध्ये टपाल तिकीट निघाले. ताम्बरम येथील राष्ट्रीय सिद्ध संस्थेच्या रुग्णालयाला त्यांचे नाव देण्यात आले. २०२३ मध्ये चेन्नईत राज्य सरकारने त्यांचा पुतळा व स्मारक उभारले.

हे सर्व आनंदाचेच आहे. पण आम्हाला एक आकडा टोचतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्धांची संख्या ६५ लाखांवर होती. तामिळनाडूत ती होती सुमारे ११ हजार. ज्या माणसाने जनगणनेत बौद्ध लिहा म्हणून जिवाचे रान केले, त्याच्या राज्यात ११ हजार! पुतळा झाला, तिकीट झाले, रुग्णालय झाले, पण रकान्यात माणसे नाहीत. कोलारच्या कामगारांनी एक पिढी वारसा चालविला. नंतरच्या पिढीत शिकविणारे कमी झाले आणि साखळी तुटली. महाराष्ट्रात ६५ लाख आहेत म्हणून आम्ही छाती फुगवू नये. साखळी आमच्याकडेही तुटू शकते.

आमच्यापुढचे काम

केंद्र सरकारने १६ जून २०२५ रोजी अधिसूचना काढून १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून जनगणना जाहीर केली. तीत जातींचीही गणना ठरली आहे. या बाबतीत आमच्या वस्त्यांमध्ये एक जुनी भीती घर करून आहे. धर्म बौद्ध लिहिला तर सवलती जातील, ही ती भीती. वकील म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो की ही भीती निराधार आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात सुरुवातीला प्रामुख्याने हिंदूंचा समावेश होता. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. त्यामुळे धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि अनुसूचित जातीच्या रकान्यात अनुसूचीत असलेली आपली जात, या दोन्ही नोंदी कायद्याने एकत्र चालतात. धर्म लपविण्याचे कोणतेही कारण उरलेले नाही. प्रगणक घाईत असतो, तो स्वतःच्या मनाने भरून मोकळा होतो. म्हणून काय लिहिले ते विचारून, पाहून घ्यायचे. अयोथीदास १९११ पूर्वी एक पैशाच्या पत्रातून हेच सांगत होते.

पण नोंद ही शेवटची पायरी आहे. रकान्यात बौद्ध लिहिणारा माणूस आधी घडवावा लागतो. त्यासाठी जयंतीची मिरवणूक पुरत नाही. गावोगावी विहारे बांधली गेली, त्यातील कित्येकांना आठवडाभर कुलूप असते. तेथे दर रविवारी तासभर वर्ग चालावा. वस्तीतील शिकलेल्या दहा मुलामुलींना एका जाणत्याने हाताशी धरावे, त्यांना वाचायला, लिहायला, सभेत उभे राहायला, अर्ज करायला आणि कायदा समजून घ्यायला शिकवावे. आणि ती मुले तयार झाली की खुर्ची रिकामी करून त्यांना बसवावे. हे शेवटचे काम आमच्या पुढाऱ्यांना सर्वांत जड जाते. काथवरायनने गुरूचे नाव घेतले आणि अप्पादुराईंनी गुरूचे पत्र घेतले. या दोन घटनांच्या मध्ये जे शिकविणे झाले, तोच वारसा.

त्या वारसदारांत कोणी धनवान नव्हते, कोणी आमदार-खासदार नव्हते. ते खाणीतले मजूर होते. पंडित अयोथीदास यांचा वारसा कोणी चालविला, याचे उत्तर इतिहासाने कोलारच्या त्या मजुरांच्या नावावर लिहिले आहे. आमच्या वस्तीतील विहाराचे कुलूप येत्या रविवारी कोण उघडणार, याचे उत्तर मात्र आम्हालाच द्यायचे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!